जुन्या गाडीतली नवी टचस्क्रीन सेल्फ मारला की पहिल्यापासून का सुरू होते?

खान्देशात मोठी गाडी लवकर मोडीत निघत नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी, तवेरा, क्वालिस, कुठलीही घ्या. दहा-पंधरा वर्षं झालेली असतात, इंजिन ठणठणीत असतं, सकाळी शेतात, दुपारी बाजार समितीत आणि संध्याकाळी कुणाच्या तरी हळदीला तीच गाडी उभी असते. मग कधीतरी घरातल्या पोराच्या हट्टापायी जुना टेप निघतो आणि त्या जागी नऊ-दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन बसते. थोडे दिवस कौतुकाचे जातात. नंतर दुकानदाराला फोन सुरू होतात: "सेल्फ मारा का टेप बंद पडी जास, भो."

दुकानदार फ्यूज बदलतो. ऐकलं नाही तर सेट बदलून देतो. आठवडाभर बरं चालतं आणि परत तेच. माझ्या बघण्यात असे बदलून दिलेले बरेचसे सेट मुळात चांगलेच होते. दुखणं सेटच्या मागे हातभर अंतरावर होतं: पिवळी, लाल आणि काळी या तीन वायरींत. त्या मोजल्याशिवाय नवा सेट घेऊ नका, दुकानदार फुकट बदलून देत असला तरी.

बंद कधी पडतो ते आधी बघा

"मधूनमधून बंद पडतो" एवढ्या माहितीवर जो डॅशबोर्ड उघडायला बसतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. वेळ सांगा, म्हणजे निम्मं निदान तिथेच होतं.

सेल्फ मारताना स्क्रीन काळी झाली आणि दोन-तीन सेकंदांत जिथे होती तिथेच, तेच गाणं घेऊन परत आली, तर तो बिघाड नव्हे. चावी स्टार्टच्या खाचेत गेली की इग्निशन स्विच ॲक्सेसरीची (टेप, लायटर असल्या जोडसामानाची) लाईन मुद्दाम तोडतो, कारण तेवढ्या वेळात बॅटरीची सगळी ताकद स्टार्टर मोटरला हवी असते. डिझेल इंजिन फिरवायला ती मोटर दोनशे अँपिअरच्या वर करंट ओढते. जुन्या कॅसेट टेपच्या वेळीही आवाज असाच तुटायचा, फक्त तेव्हा कुणाचं लक्ष जात नव्हतं.

पण सेल्फ मारल्यावर लोगो आला, अर्धा मिनिट गोल गोल फिरत राहिला, घड्याळ भलत्याच सालात गेलं आणि सकाळी लावून ठेवलेलं आकाशवाणी जळगाव जाऊन रेडिओ 87.5 वर येऊन बसला, तर सेटचा कायमचा पुरवठा तुटतोय. हे पिवळ्या वायरीचं काम. आजची पोस्ट मुख्यतः त्यावरच आहे.

फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी होत असेल तर बॅटरीकडे बघा. खड्ड्यात दणका बसला की होत असेल तर जॉइंट ढिला आहे किंवा अर्थिंग. हेडलाईट लावल्यावर किंवा आवाज वाढवल्यावर होत असेल तर अर्थिंग किंवा बारीक वायर. मे महिन्यात दुपारीच होत असेल आणि संध्याकाळी सगळं आपोआप सुरळीत चालत असेल तर वायरिंग उकरू नका, तो उन्हाचा मामला आहे, खाली लिहितो.

पिवळी, लाल, काळी

बाजारातल्या बहुतेक सेटना रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा 12 व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा ॲक्सेसरीचा 12 व्होल्ट, काळी म्हणजे अर्थ. लाल गेली की सेटला कळतं की चावी काढली, तो आवरून झोपतो. पिवळी गेली की त्याला काहीच कळायला वेळ मिळत नाही, थेट बंद.

गोंधळ होतो तो गाडीच्या बाजूला. गाडीतल्या वायरींचे रंग सेटच्या रंगांशी जुळतीलच असं नाही, आणि जुन्या गाडीत मध्ये कुणी सेंट्रल लॉक, कुणी हॉर्न, कुणी अलार्म बसवताना आपापल्या रंगाचे तुकडे जोडलेले असतात. आयएसओ कपलरमध्ये (टेपमागे लागणारा ठरावीक नमुन्याचा प्लग) पॉवरच्या आठ पिनांपैकी 4 नंबरवर कायमचा पुरवठा, 7 नंबरवर चावीचा आणि 8 नंबरवर अर्थ असतो. मात्र काही गाड्यांत 4 आणि 7 उलटे येतात. म्हणून बऱ्याच हार्नेसमध्ये, म्हणजे सेटसोबतच्या वायरींच्या जुडग्यात, पिवळी आणि लाल यांच्या मध्ये गोळीसारखे छोटे जोड दिलेले असतात, ते काढून अदलाबदल करता येते. हे कशासाठी दिलंय हे न बघताच जोडणारे कमी नाहीत. उलटं बसलं की सेट चालतो, गाणं वाजतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. चावी काढली की मात्र सगळं पुसून जातं.

दुसरा प्रकार अजून सर्रास. दुकानात घाई असते, लग्नसराईत तर विचारूच नका. कपलर जुळत नाही, मग सिगारेट लायटरच्या सॉकेटमागची वायर ओढायची आणि पिवळी-लाल दोन्ही तिथेच पिळून टाकायच्या. लायटर बहुतेक गाड्यांत ॲक्सेसरीवर असतो. म्हणजे सेल्फ मारला की दोन्ही वायरी एकदम जातात. अमळनेरकडच्या एका आबांच्या गाडीत हेच होतं. दुकानातून सेट बदलून आणला होता, परत बदलून आणला होता, आणि ते ठासून सांगत होते, "दुकानवाला म्हने, सेटच खराब शे." म्हटलं, आबा, थांबा जरा, चावी काढा. चावी काढली, पिवळीवर मीटर लावला. शून्य. चावी लावली, बारा. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

हा तपास घरच्या घरी करता येतो. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. सेट बाहेर ओढा, कपलर मागे अडकलेलाच ठेवा आणि मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा स्वच्छ बोल्टला लावा. चावी काढलेली असताना पिवळीवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा आणि लालवर शून्य. चावी पहिल्या खाचेत: दोन्हीवर बारा. सेल्फ मारताना: लाल गेली तरी चालेल, पिवळी नऊ व्होल्टच्या खाली पडता कामा नये. इथे मीटरवर दोन माणसं लागतात, एक आकड्याकडे बघायला आणि एक चावीला. मीटरमध्ये सर्वांत कमी आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर उत्तम.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मध्येच सांगतो. गाडीला एअरबॅग असेल तर डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि त्याच्या पिवळ्या जाडसर हार्नेसला हात लावू नका. आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनच्या गाडीत बल्बचा टेस्टर घेऊन कुठल्याही वायरीला टोचत बसू नका. बल्ब जो करंट ओढतो तो कॉम्प्युटरच्या बारीक सर्किटला झेपत नाही. मीटरच वापरा.

मीटर बारा दाखवतो, तरी बंद पडतो

इथे चांगले चांगले फसतात. सेट बंद असताना मोजलं तर गंजलेली, एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा 12.4 दाखवते. करंट वाहतच नसेल तर व्होल्टेज पडणार कुठून? ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असताना लॅटरलमध्ये सगळीकडे सारखाच दाब दिसतो, पाणी सोडलं की शेवटच्या केळीपाशी किती पोचलं ते कळतं. वायरीचं तसंच. सेट चालू करून, आवाज चढवून मोजायचं.

पद्धत अशी. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन सेटच्या मागे पिवळीवर. आता जो आकडा दिसेल तो वाटेत गळालेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा जॉइंट वाईट. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी सेटच्या काळीवर. इथे 0.2 च्या वर गेला तर अर्थिंग वाईट. मीटरच्या पिना बोनेटपासून डॅशबोर्डपर्यंत पोचत नाहीत, दोन-तीन मीटर साधी वायर जोडून घ्या.

हिशेब बघा. पिळून टेप लावलेल्या जॉइंटचा विरोध 0.2 ओहम आहे असं धरा. आवाज चढवल्यावर सेट 8 अँपिअर ओढत असेल तर तिथेच 1.6 व्होल्ट गेले. इंजिन बंद असताना बॅटरी 12.4, सेटला मिळाले 10.8. आता त्याच जॉइंटवर सेल्फ मारा. बॅटरी आधीच दहाच्या आसपास उतरते, उरलेलं जॉइंट खातो, तोच जॉइंट गरम झाला की विरोध अजून वाढतो. बऱ्याच सेटवर 9 ते 16 व्होल्ट असं छापलेलं असतं. त्या नऊच्या खाली एक क्षण गेलं तरी आतला प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो.

आणि आपल्याकडे टेपचा जॉइंट टिकत नाही. काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात डॅशबोर्डमागे वितळते, डिंक सुटतो, टेप घसरून वायरीवरून खाली येते. जुनी गाडी उघडली की हाताला तो काळा चिकटा लागतोच. जॉइंट करायचाच असेल तर सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, किंवा चांगल्या पक्कडीने क्रिम्प करा.

सरळ उपाय: बॅटरीवरून वेगळी लाईन

जुन्या टेपसाठी गाडीत दिलेली वायर त्या टेपपुरती होती. नव्या सेटमध्ये प्रोसेसर आहे, मोठी स्क्रीन आहे, ॲम्प्लिफायर आहे, वरून यूएसबीला दोन मोबाईल लागलेले. जुना 10 अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून कुणी 20 चा टाकला असेल तर तो आजच काढा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा केला तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर जळेल.

2.5 चौरस मिलिमीटरची, ऑटोमोबाईलची, बहुतारी वायर घ्या. घराच्या वायरिंगची कडक वायर नको. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज होल्डर बसवा. फ्यूज डॅशबोर्डजवळ लावून उपयोग नाही, कारण घासून शॉर्ट होण्याचा धोका बोनेटमध्येच जास्त. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला बसवलेल्या रबरी कड्यातून, म्हणजे ग्रॉमेटमधूनच घ्या. उघड्या पत्र्याच्या कडेवरून घेतलेली वायर खडबडीत रस्त्यावर काही महिन्यांत कापली जाते. आतून ती थेट सेटच्या पिवळीला. लाल मात्र आहे तिथेच, गाडीच्या ॲक्सेसरीवर राहू द्या. तिला खूण म्हणून पाठवायचंय, भार वाहायला नाही.

एवढं केलं की दहापैकी सात-आठ गाड्यांत तक्रार संपते, असा माझा अंदाज.

काळ्या वायरीचं काम छोटं आहे पण ते करताना आळस होतो. डॅशबोर्डच्या आतल्या पट्टीवरचा कुठलातरी स्क्रू पकडून काळी तिथे अडकवतात. त्या पट्टीला रंग असतो, काही गाड्यांत ती प्लॅस्टिकवरच बसलेली असते. बॉडीचा बोल्ट शोधा, भोवतीचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चमकवा, वायरीला लग (बोल्टात बसणारं धातूचं टोक) लावा, खाली दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून थोडं ग्रीस. कपाशीच्या, केळीच्या शेतात फिरणाऱ्या गाडीत काळ्या मातीची धूळ सगळीकडे शिरते, पावसाळ्यात ती ओल धरते, तिथे गंज चढायला वेळ लागत नाही.

अर्थिंग तपासताना बॅटरीपासून चेसिसला आणि इंजिनपासून चेसिसला गेलेल्या जाड पट्ट्याही बघा. इंजिनची पट्टी तुटलेली असेल तर स्टार्टरचा करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो. तो कधीकधी अँटेनाच्या केबलच्या जाळीतूनही जातो. सेल्फ मारल्यावर अँटेनाची केबल कोमट लागते, अशी गाडी दिसली तर सेटला दोष देऊ नका.

फिल्टरविषयी. काउंटरवर "हे लावा, बंद पडणार नाही" म्हणून एक काळी डबी मिळते. आत गुंडाळी आणि 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, फार तर. आता गणित: सेल्फच्या एका सेकंदात सेटला 2 अँपिअर द्यायचे आणि व्होल्टेज 2 च्या वर पडू द्यायचा नाही, तर 1 फॅरड लागतो. म्हणजे डबीतल्यापेक्षा दोनशेपट मोठा. ती डबी आवाजातली कुरकुर थोडी कमी करेल, सेल्फच्या झटक्याला काही करणार नाही.

बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी मोजा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे चार्जिंगला द्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवरच 9.6 च्या खाली गेली तर बाकीचं वायरिंग कितीही चांगलं करा, सेट पडणारच. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या मध्ये हवी, त्याखाली असेल तर डायनामो दाखवा.

खान्देशात बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात. उन्हाने आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, पण गरम हवेत इंजिन हलकं फिरतं म्हणून लक्षात येत नाही. मग धुळ्याकडे पारा एक आकडी झाला की त्याच बॅटरीला घट्ट झालेलं ऑइल फिरवावं लागतं, आणि सकाळी सकाळी स्क्रीनवर लोगो दिसतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, तारेच्या ब्रशने घासा, वरून व्हॅसलीन.

गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते

ही तक्रार वेगळी वाटते, पण पुष्कळदा त्याच घाईघाईच्या वायरिंगचं दुसरं टोक असते. चावी काढल्यावर ज्याने झोपायला हवं तो सेट जागाच राहतो. कारण लाल वायर कायमच्या पुरवठ्यावर जोडलेली असते. "चावी न लावता गाणी ऐकायची" ही गिऱ्हाइकाची मागणी, आणि दुकानदार ती सोप्या मार्गाने पुरी करतो.

मोजायचं असं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावा. दारं बंद, बोनेटचा दिवा असेल तर काढलेला, चावी खिशात. अर्धा तास थांबा, कारण सगळ्या गोष्टी लगेच झोपत नाहीत. नंतर 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळू शकतो.

300 मिलिअँपिअर दिसला तर दिवसाला 7.2 अँपिअर-अवर गेले. 75 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत अर्ध्यावर येते. शिर्डी किंवा पंढरपूरला रेल्वेने जाऊन आलात की गाडी धक्का मागते ती यामुळे. आता एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे चोर. सेटचाच निघाला तर लाल वायर तपासा, मग सेटच्या सेटिंगमध्ये झटपट सुरू होण्यासाठी अनेक दिवस झोपेत राहण्याचा पर्याय असतो, तो एक-दोन तासांवर आणा. थोडा उशिरा सुरू होईल, बॅटरी राहील. सेट निर्दोष निघाला तर जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आणि बाहेरचा ॲम्प्लिफायर बघा. ॲम्प्लिफायरची रिमोट वायर (त्याला चालू-बंदची खूण देणारी) सेटच्या निळी-पांढरीला जोडायची असते, ती पिवळीला जोडली की तो रात्रभर जागा.

मे महिन्याची दुपार

भुसावळ, जळगावला पारा 45 च्या पुढे जातो. उन्हात काचा लावून उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि स्क्रीन नेमकी काचेखाली. प्रोसेसर तापला की आधी मंद होतो, मग स्वतःला वाचवायला बंद पडतो. अशा वेळी सेट बंदच ठेवा. काचा खाली करून दोन-चार मिनिटं चाला, एसी लावा, मग चालू करा. काचेला आतून सनशेड लावा, कुरूप दिसलं तरी.

पण तेवढ्यावर थांबू नका. सेट बाहेर ओढून मागे काय कोंबलंय ते बघा. जास्तीच्या वायरींचा गुंता, आवाज थरथरू नये म्हणून घातलेला फोम, कधी कधी वर्तमानपत्राचा बोळा. हे सगळं सेटच्या मागच्या हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) चिकटून बसलेलं असतं. वायरी बाजूला बांधून मागे मोकळी जागा करा. पंखा असेल तर तो धुळीने जाम झालाय का बघा. सिंगल डिनची (जुन्या टेपच्या मापाची) खाच कापून मोठी केलेल्या गाड्यांत एसीचा डक्ट दाबला जातो किंवा फाटतो, त्याकडेही नजर टाका.

बाकी किरकोळ

आवाज वाढवला की बंद: बऱ्याचदा स्पीकरची निगेटिव्ह कुठेतरी बॉडीला टेकलेली असते. फार जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच वायर आणि दुसरी बाजू बॉडीवर, अशी पद्धत होती. आजच्या सेटला ते चालत नाही, त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतो. बॉडीला लागली की सेट स्वतःला बंद करतो, कधी आतली चिप जाते. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर घासली गेलीय का बघा. एका चॅनेलवर दोन 4 ओहमचे स्पीकर समांतर जोडले असतील तरी हेच होतं. आणि डब्यावरच्या "60 वॅट गुणिले 4" वर जाऊ नका. 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 14 व्होल्टवर 210 वॅटच आत येतात, त्यातले काही उष्णतेत जातात, मग 240 बाहेर कुठून येणार?

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ: आधी काळी वायर वर सांगितल्याप्रमाणे करा. राहिलीच तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर डायनामोचा डायोड गेलाय.

रिव्हर्स कॅमेरा लपलपतो: मागच्या दाराच्या रबरी नळीतली वायर बाहेरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. दार उघडं ठेवून ती वायर हलवत स्क्रीन बघा.

रेडिओ खरखरतो: अँटेनाच्या बुडात बूस्टर असेल तर त्याला निळ्या वायरीचा 12 व्होल्ट लागतो, तो जोडलाय का?

सेट खरंच खराब असेल तर

तेही असतं. ओळखायला सेट गाडीतून पूर्ण काढा. पिवळी आणि लाल एकत्र करून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून चार्ज केलेल्या बॅटरीच्या प्लसला, काळी निगेटिव्हला. स्पीकर, कॅमेरा, अँटेना काहीही जोडू नका. सावलीत तासभर गाणी, व्हिडिओ, मॅप चालवा. तासभर नीट चालला तर गाडीच्या वायरिंगकडे परत जा. असाच ठेवून बंद पडला तर सेट दोषी, वॉरंटीत द्या.

देताना दुकानदार "तुमच्या गाडीचा प्रॉब्लेम" म्हणणारच. म्हणून बंद पडताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या, त्यात पिवळीवर लावलेल्या मीटरचा आकडा आणि स्क्रीन दोन्ही एकाच वेळी दिसू द्या. 12.5 व्होल्ट मिळत असताना लोगो फिरताना दिसला की बोलणं लवकर संपतं. बिलावर सेटचा सिरियल नंबर लिहिलेला आहे का ते दुकानात जायच्या आधी बघून घ्या, आणि जुना टेप व गाडीचा मूळ कपलर अजून घरात असेल तर तोही सोबत न्या. नवा सेट येईपर्यंत तो लावता येतो.